सरफोजीराजे भोसले आणि तंजावरचा मानमरातब

तंजावरचे दुसरे सरफोजीराजे हे विद्याव्यासंगी नृपती म्हणून भारतीय वाङ्मयाच्या अभ्यासकांना परिचित आहेत. सरस्वती महाल ग्रंथालयाची वाढ, वैद्यकाविषयीची आस्था, नाटके आणि कुरवंजी यांमुळे त्यांचे नाव चिरस्थायी झाले. तथापि या सर्व कार्यामागे एक राजकीय प्रश्न उभा होता, त्याकडे पुरेसे लक्ष दिले जात नाही. ज्याच्या हाती सैन्य नाही आणि मुलखाचा कारभारही नाही, अशा राजाचे स्थान कोणते? कंपनी सरकारच्या मुलकी आणि लष्करी अधिकाऱ्यांच्या उतरंडीत त्याने कोठे बसावे? सरफोजींच्या आयुष्याची चौतीस वर्षे या प्रश्नाच्या सावलीत गेली.

सरफोजींचा जन्म १७७७ साली भोसले कुळाच्या एका शाखेत झाला. निपुत्रिक तुळजाजीराजांनी १७८७ साली मृत्यूपूर्वी त्यांना दत्तक घेतले आणि जर्मन मिशनरी श्वार्ट्झ यांना त्यांच्याकडे लक्ष ठेवण्याची विनंती केली. तुळजाजींच्या निधनानंतर त्यांचे सावत्र बंधू अमरसिंह यांनी गादीवर हक्क सांगितला. दत्तविधान शास्त्रसंमत नाही, असा अभिप्राय पंडितांकडून मिळाल्यामुळे मद्रास सरकारने अमरसिंहांना मान्यता दिली. बाल सरफोजींचे वाड्यातील जिणे कष्टाचे झाले. श्वार्ट्झ यांच्या खटपटीने १७९३ साली त्यांना मद्रासेस नेण्यात आले आणि तेथे गेरिके या मिशनऱ्याच्या देखरेखीखाली त्यांचे शिक्षण झाले. पुढे पंडितांची मते पुन्हा मागविण्यात आली. ती या वेळी दत्तविधानास अनुकूल पडली आणि १७९८ साली सरफोजी गादीवर बसले. त्यांचा दर्जा आरंभापासूनच असा दुहेरी होता : आधार धर्मशास्त्राचा, निर्णय कंपनीचा.

हा निर्णय फुकट मिळाला नाही. २५ ऑक्टोबर १७९९ च्या तहान्वये तंजावर प्रांताचा संपूर्ण कारभार कंपनीकडे गेला. राजांकडे तंजावरचा किल्ला व त्याचा परिसर राहिला. प्रतिवर्षी एक लाख स्टार पॅगोडा आणि निव्वळ वसुलाचा एक पंचमांश अशी त्यांची नेमणूक ठरली. राजास मित्राचा मान दिला जाईल, हेही कंपनीने मान्य केले. सत्ता गेली होती, परंतु मान कागदोपत्री शिल्लक होता. तो प्रत्यक्षात किती उरतो, हे मात्र दरबारात येणाऱ्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या वागणुकीवर अवलंबून होते.

त्या अधिकाऱ्यांमध्येही मानाचा तंटा होताच. कंपनीचे मुलकी नोकर रायटर, फॅक्टर, ज्युनिअर मर्चंट आणि सीनियर मर्चंट या व्यापारी नावांच्या पायऱ्यांनी चढत. लष्करी नोकरांच्या पायऱ्या कॅप्टन, मेजर, कर्नल अशा होत्या. या दोन शिड्यांची कोणती पायरी कोणत्या पायरीच्या बरोबरीची, यावरून मेजवानीतील आसनापासून मंत्रिमंडळातील जागेपर्यंत कुरबुरी होत. १८०९ साली मद्रास इलाख्यात ही कुरबुर उघड बंडापर्यंत गेली. सरसेनापती मॅकडोवल यांना गव्हर्नरच्या कौन्सिलातील जागा नाकारली गेली होती. तंबूंच्या कंत्राटाची जुनी प्राप्ती बंद झाल्याने इतर अधिकारीही बिथरले होते. मुलकी गव्हर्नर बार्लो यांच्याविरुद्ध मछलीपट्टण, हैदराबाद आणि श्रीरंगपट्टण येथील गोरे लष्करी अधिकारी उठले. अखेर मुलकी सत्तेचीच सरशी झाली.

तंजावर येथे या प्रश्नाला वेगळेच वळण लागले. आरंभीचे रेसिडेंट टॉरिन यांच्यानंतर १८०१ साली विल्यम ब्लॅकबर्न या पदावर आले आणि १८२३ पर्यंत राहिले. ते लष्करी पेशाचे, प्रथम कॅप्टन व नंतर मेजर. परंतु दरबारातील त्यांचे स्थान खांद्यावरील हुद्द्यामुळे नव्हे, तर गव्हर्नरचे प्रतिनिधी म्हणून होते. मुलखाचा वसूल पाहणारा कलेक्टर मुलकी नोकर होता. सारा एकाकडे आणि राजा दुसऱ्याकडे, अशी ही विभागणी होती. ब्लॅकबर्न मराठीचे चांगले जाणकार होते. १८०७ नंतर पुदुकोट्टईच्या अल्पवयीन राजाचा कारभार त्यांच्या देखरेखीखाली आला, तेव्हा त्यांनी तेथील दफ्तरात मराठी आणली. ज्या भाषेच्या राजाची सत्ता संपली होती, ती भाषा इंग्रज सेनाधिकाऱ्याच्या हातून शेजारच्या तमिळ संस्थानात पोहोचावी, हा इतिहासातील विलक्षण योग होय.

सरफोजींनी आपला मान अन्य मार्गाने दृढ केला. १८०३ साली त्यांनी बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले वंशाचा विस्तृत इतिहास मराठीत कोरविला. राज्य हातचे गेल्यानंतर अवघ्या चार वर्षांत वंशाचा दाखला दगडावर उतरविण्यात आला, हा कालक्रम लक्षात घेण्याजोगा आहे. देवनागरी छापखाना उभारून त्यांनी मराठी ग्रंथ छापविले. भूगोलाचे ज्ञान नृत्यनाट्यातून देणारी देवेंद्र कुरवंजी रचली. ओरत्तनाडू येथे छत्र उभारले आणि देशी व पाश्चात्त्य अशा दोन्ही वैद्यकांना आश्रय दिला. इंग्रजांच्या नेपोलियनवरील विजयाप्रीत्यर्थ समुद्रकिनारी मनोरा बांधला. त्या वास्तूत कंपनीशी असलेल्या मैत्रीची ग्वाही आहे, आणि विजयस्तंभ उभारणे हे राजाचेच कृत्य असल्याने राजपदाचा उच्चारही आहे. १८२० साली ते मोठ्या लव्याजम्यासह काशीयात्रेस निघाले. तेथून संस्कृत हस्तलिखिते सरस्वती महालात आली.

श्वार्ट्झ यांच्याविषयीची कृतज्ञता मात्र दर्जाच्या हिशेबापलीकडची होती. शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून करवून घेतलेल्या स्मारकशिल्पात मरणोन्मुख पाद्र्याच्या शय्येपाशी राजा उभा आहे. गुरूपुढे राजाने घेतलेले हे स्थान त्याने स्वतः निवडलेले होते.

७ मार्च १८३२ रोजी सरफोजींचे निधन झाले. त्यांचे पुत्र शिवाजीराजे १८५५ साली औरस पुत्रावाचून वारले, तेव्हा कंपनीने राजपद खालसा करून खासगी मालमत्ताही ताब्यात घेतली. राणी कामाक्षीबाईंनी न्यायालयात दाद मागितली. परंतु हे कृत्य राजसत्तेचे असून न्यायालयाच्या कक्षेबाहेरचे आहे, असा निर्णय प्रिव्ही कौन्सिलने १८५९ साली दिला. तहाने मान्य केलेला मान न्यायालयात टिकला नाही. ग्रंथसंग्रह मात्र टिकला. १९१८ साली तो सार्वजनिक झाला आणि तेथील मोडी कागदपत्रे व हस्तलिखिते अभ्यासकांना उपलब्ध झाली. सरफोजींच्या विद्याकार्याचे मोल ठरविताना ते सत्ताहीन राजाने आपल्या पदाला दिलेले नवे अधिष्ठान होते, हे ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.