विठ्ठलराव विखे पाटील आणि टाकीतलं इथेनॉल

पेट्रोलऐवजी मक्याचं इथेनॉल चालेल का, यावर आपल्या मेसमध्ये अधूनमधून जोरदार वाद रंगतो. मेकॅनिकलवाले कॉम्प्रेशन रेशो काढतात, केमिकलवाले फर्मेंटेशन. पण या वादात ज्यांचं नाव निघायला हवं ते कोणीच घेत नाही. ते म्हणजे पद्मश्री विठ्ठलराव विखे पाटील!

त्यांचा जन्म 1897 चा, तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या लोणी बुद्रुकचा. शिक्षण जेमतेम प्राथमिक शाळेपर्यंत. प्रवरेच्या कालव्याने भागात पाणी आणलं, पाण्यामागून ऊस आला, पण शेतकरी काही सावकाराच्या वहीतून सुटला नाही. खासगी साखर कारखाने शेतकऱ्यांच्या जमिनी खंडाने घेत. विठ्ठलरावांनी 1923 मध्ये गावात सहकारी पतपेढी काढली. 1945 मध्ये बेलापूरला बागायतदारांची परिषद भरली. अध्यक्ष होते अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ. शेतकऱ्यांनीच मिळून कारखाना काढावा, हा विचार तिथे पुढे आला.

मग विठ्ठलराव गावोगाव फिरून शेअर्स जमवू लागले. ज्यांच्या घरात रोख पैसा क्वचित दिसायचा, त्यांच्याकडून भांडवल उभं करायचं, ही काही सोपी गोष्ट नव्हती. गाडगीळ अध्यक्ष झाले, वैकुंठभाई मेहतांनी सहकारी बँकेचं बळ दिलं आणि 31 डिसेंबर 1950 ला प्रवरानगरचं गाळप सुरू झालं. आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून तो ओळखला जातो. 1961 मध्ये विठ्ठलरावांना पद्मश्री मिळाली. 1980 मध्ये ते गेले.

आता तुम्ही म्हणाल, यात इथेनॉल कुठे आलं? साखर काढून झाल्यावर उरते ती मळी. महाराष्ट्रात कारखान्यांच्या शेजारी डिस्टिलऱ्या उभ्या राहिल्या त्या या मळीच्या जोरावर. 2001 मध्ये पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे प्रयोग मिरज आणि मनमाडला झाले, ते उगाच नाही.

मका मात्र वेगळा. 2023 मध्ये उसाचं उत्पादन घटण्याची चिन्हं दिसताच सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आणली आणि 2023-24 च्या हंगामात मका पहिल्या नंबरवर गेला. एक टन मक्यातून सुमारे 380 लिटर इथेनॉल निघतं. एकरी 14 क्विंटल पीक धरलं तर 532 लिटर. पण एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते. म्हणजे अख्ख्या एकरातून 350 लिटर पेट्रोलइतकीच ऊर्जा! त्यातून नांगरणी, युरिया आणि डिस्टिलरीतल्या वाफेचं इंधन वजा करा. जमेची बाजूही आहे. ऑक्टेन जास्त, म्हणून त्यासाठीच बनवलेलं इंजिन जास्त कॉम्प्रेशनवर चालतं, आणि गाळून उरलेला चोथा जनावरांना व कोंबड्यांना घालता येतो. तरी मका महागला म्हणून पोल्ट्रीवाले ओरडलेच.

मी सडक अर्जुनीची. आमच्याकडे धान. राईस मिलमध्ये तुटलेला तांदूळ, म्हणजे आमची कनकी, निघते. एक टन तांदळातून साधारण 450 लिटर इथेनॉल मिळतं, त्यामुळे कनकीला डिस्टिलरीचं गिऱ्हाईक आहे. पण धान एकदा मिलमध्ये गेलं की कनकी मिलवाल्याची. तिचा भाव वाढला तरी ज्याने चिखलात रोवणी केली त्याच्या हातात काय पडतं? आणि हीच कनकी कित्येक घरांत शिजते, हेही विसरून चालणार नाही.

म्हणूनच मला विठ्ठलराव आठवतात. इथेनॉल व्यवहार्य आहे का, याचं अर्धं उत्तर आपल्या थर्मोडायनॅमिक्सच्या पुस्तकात आहे. ते सांगतं की मका पेट्रोलला थोडा हातभार लावेल, त्याची जागा घेणार नाही. उरलेलं अर्धं उत्तर प्रवरानगरला आहे. आधी खाण्याचं पोटात, उरलेलं टाकीत, आणि टाकीत जाणाऱ्याच्या नफ्यात शेतकऱ्याचा शेअर. आपल्यापैकी कोणी उद्या डिस्टिलरी डिझाइन करेल, तेव्हा ड्रॉइंगवर रिअ‍ॅक्टरबरोबर शेअरहोल्डरची यादीही असावी, एवढंच वाटतं.

विठ्ठलरावांच्या स्मृतीला विनम्र अभिवादन!

– तृतीय वर्ष, मेकॅनिकल