दक्षिण अमेरिका वाचणारा माणूस

पेरूच्या किनाऱ्यालगत दक्षिणेकडून उत्तरेकडे वाहणारा थंड पाण्याचा प्रवाह शाळेच्या भूगोलात आपण सर्वांनीच पाठ केलेला असतो. हम्बोल्ट प्रवाह हे त्याचे नाव. गंमत अशी, की अलेक्झांडर फॉन हम्बोल्टला स्वतःला हे बारसे मान्य नव्हते. १८०२ मध्ये त्याने या पाण्याचे तापमान मोजले हे खरे. परंतु तिथल्या कोळ्यांना हा प्रवाह शेकडो वर्षे ठाऊक होता, मग आपण तो शोधला असे कसे म्हणायचे, हा त्याचा आक्षेप होता. एखाद्या भूमीचे ज्ञान कोणाचे आणि त्याचा लाभ कोणाला, हा प्रश्न त्याचा आयुष्यभर पाठलाग करीत राहिला.

हम्बोल्टचा जन्म १४ सप्टेंबर १७६९ रोजी बर्लिनमध्ये, एका सधन प्रशियन घराण्यात झाला. तो नऊ-दहा वर्षांचा असतानाच वडील गेले. आईची शिस्त करडी होती. मुलांनी सरकारी सेवेत नाव काढावे ही तिची इच्छा. थोरला भाऊ विल्हेल्म भाषापंडित आणि मुत्सद्दी झाला. बर्लिन विद्यापीठाची स्थापना त्याच्याच प्रयत्नांनी झाली. अलेक्झांडरने फ्रायबर्गच्या खाणकाम अकादमीत शिक्षण घेतले आणि १७९२ मध्ये खाणनिरीक्षकाची नोकरी पत्करली. खाणीत गुदमरणाऱ्या मजुरांसाठी त्याने दिवा आणि श्वसनयंत्र तयार केले. त्यांच्यासाठी पदरमोड करून शाळाही काढली. मात्र मन दूरदेशी लागले होते. १७९६ मध्ये आईचे निधन झाले आणि सुमारे एक लाख थालरचा वारसा हाती आला. त्याने नोकरी सोडली.

स्पेनच्या अमेरिकेतील वसाहतींत त्या काळी परकीय अभ्यासकाला सहसा पाऊल टाकू देत नसत. खाणींचा जाणकार असलेला हा तरुण स्वखर्चाने जातो म्हटल्यावर राजा चौथ्या कार्लोसने परवाना दिला. आपल्या खाणींचा लाभ होईल, असा दरबाराचा हिशेब असावा. फ्रेंच वनस्पतीशास्त्रज्ञ एमे बोनप्लां याच्यासह हम्बोल्ट ५ जून १७९९ रोजी निघाला आणि १६ जुलैला आजच्या व्हेनेझुएलातील कुमाना बंदरात उतरला. त्यांनी भाड्याने घेतलेल्या घरासमोरच्या चौकात गुलामांचा बाजार भरत असे. गिऱ्हाइके माणसांचे दात तपासून किंमत ठरवीत होती. हे दृश्य तो कधीच विसरला नाही.

पुढचा मुक्काम आराग्वा खोऱ्यातील व्हॅलेन्सिया सरोवराचा. १८०० च्या आरंभी तो तिथे पोहोचला, तेव्हा सरोवराचे पाणी वर्षानुवर्षे हटत चालले होते. समुद्राकडे जाणारी एखादी भुयारी वाट पाणी पळवीत असावी, अशी लोकांची समजूत. हम्बोल्टने काठ पाहिले, नद्यांच्या वाटा तपासल्या आणि डोंगरउतारांकडे बोट दाखविले. नीळ, कापूस आणि उसाच्या मळ्यांसाठी रान तोडले गेले होते. ओढ्यांचे पाणी शेतांकडे वळविले होते. सावली आणि मुळांची पकड गेल्यावर पाऊस जमिनीत न मुरता माती घेऊन धावू लागतो, हे त्याने तिथे मांडले. मानवी उद्योगाने हवामान आणि जलचक्र बिघडते, हा विचार इतक्या स्पष्टपणे मांडणाऱ्या पहिल्या काही शास्त्रज्ञांत त्याची गणना होते. त्याच्या मांडणीत मळे, बाजारपेठ आणि गुलामगिरी हे जंगल आणि पावसाहून निराळे विषय उरले नाहीत. भूगोलाच्या पुस्तकात आपण प्राकृतिक आणि आर्थिक अशी जी फाळणी करतो, ती त्याला कृत्रिम वाटली असती.

तिथून लॅनोसचा गवताळ माळ ओलांडून तो ओरिनोको नदीवर आला. डास, दमट उष्मा, भिजलेले नमुने आणि अपुरे अन्न सोसत त्याने होडीतून कासिक्यारे या जलमार्गाचा माग काढला. ओरिनोकोचे पाणी या नैसर्गिक वाटेने रिओ नेग्रोला आणि पर्यायाने ॲमेझॉनला मिळते. दोन महानद्यांची खोरी अशी जोडलेली असणे युरोपातील अनेक विद्वानांना अशक्य वाटत होते. स्थानिक लोकांना आणि मिशनऱ्यांना ते ठाऊकच होते; हम्बोल्टने ते मोजून नकाशावर आणले.

क्यूबाची फेरी करून १८०१ मध्ये तो कार्ताहेनाला परतला, मॅग्डालेना नदीने वर चढत बोगोटाला आणि पुढे १८०२ च्या जानेवारीत क्विटोला पोहोचला. अँडीजमधला हा प्रवास त्याच्या कार्याचा गाभा होय. विषुववृत्ताजवळ असूनही इथे हवामान अक्षांशापेक्षा उंचीवर ठरते. पायथ्याशी केळी आणि ताड, त्यावर समशीतोष्ण पट्टा, आणखी वर बटाटा, मग गवत, शेवाळ आणि शेवटी बर्फ. स्थानिक लोक उष्ण भूमी, समशीतोष्ण भूमी, शीत भूमी असे शब्द पूर्वीपासून वापरीत होते. हम्बोल्टने वायुभारमापक आणि तापमापक घेऊन या शब्दांना आकडे दिले. २३ जून १८०२ रोजी बोनप्लां, क्विटोचा तरुण कार्लोस मोंतुफार आणि एक स्थानिक सोबती यांच्यासह तो चिंबोराझोवर चढला. हिरड्यांतून रक्त येत होते. एका खोल भेगेने वाट अडविली, तेव्हा त्याच्या हिशेबानुसार ते सुमारे ५,९०० मीटर उंचीवर होते. तोवर इतक्या उंचीवर पोहोचल्याची नोंद कोणाच्याच नावावर नव्हती. चिंबोराझो हाच जगातील सर्वोच्च पर्वत, अशी तेव्हा समजूत होती. पुढे हिमालयाची मोजमापे आली आणि ती मावळली. (मोंतुफार नंतर स्वातंत्र्ययुद्धात उतरला, १८१६ मध्ये स्पॅनिश सैन्याने त्याला देहदंड दिला.)

या चढाईतून निघालेले चित्र १८०७ मध्ये प्रसिद्ध झाले. पर्वताचा एक छेद, त्यावर त्या त्या उंचीला वाढणाऱ्या वनस्पतींची नावे आणि दोन्ही बाजूंना तापमान, हवेचा दाब, आर्द्रता, आकाशाचा निळेपणा यांचे रकाने. शेतीचाही एक रकाना त्यात आहे. आज शालेय पुस्तकात डोंगराच्या उतारावरील वनस्पतींचे पट्टे दाखविणारी जी आकृती असते, तिचे हे पूर्वरूप. १८१७ मध्ये त्याने समताप रेषांची कल्पना मांडली, तीही याच विचारातून.

पेरूच्या किनाऱ्यावरून त्याने ग्वानोचे, म्हणजे समुद्रपक्ष्यांच्या विष्ठेच्या खताचे नमुने युरोपला नेले. पेरूतील शेतकरी ते शतकानुशतके वापरीत होते. १८४० नंतर युरोपात या खताला अतोनात मागणी आली, पेरूची तिजोरी त्यावर भरली, आणि बेटांवर ते खणायला चीनमधून आणलेले करारबद्ध मजूर जुंपले गेले. नमुना नेताना या साऱ्याची कल्पना त्याला असणे शक्य नव्हते.

मेक्सिकोबाबत मात्र इतक्या सहजपणे त्याची सुटका करता येत नाही. १८०३ मध्ये तो तिथे गेला आणि वर्षभर राहिला. सरकारी दप्तरे त्याच्यासाठी खुली झाली. ग्वानाह्वातोच्या चांदीच्या खाणींत उतरून त्याने उत्पादनाचे आकडे जमविले, तसेच पाठीवर अवजड खनिज घेऊन पायऱ्या चढणारे मजूरही पाहिले. इतकी विषमता अन्यत्र क्वचितच असेल, असे मत त्याने नोंदविले. १८०४ च्या उन्हाळ्यात अमेरिकेत अध्यक्ष जेफरसन याला भेटला, तेव्हा मेक्सिकोची माहिती आणि नकाशा त्याने मोकळ्या मनाने पुढे ठेवला. लुइझियाना नुकतेच विकत घेतलेल्या अमेरिकेचा स्पेनशी सीमेवरून वाद चालू होता. त्याच्या नकाशाची नक्कल झाली, हे कळल्यावर पुढे तो चिडला. १८४६ ते १८४८ च्या युद्धात मेक्सिकोने प्रचंड प्रदेश गमावला. मधल्या काळात, १८२०च्या दशकात, त्याच्या ग्रंथातील चांदीचे आकडे वाचून इंग्रज गुंतवणूकदारांनी मेक्सिकोच्या खाणींत पैसा ओतला आणि बरेचसे बुडाले. ज्ञान सर्वांना खुले असावे हे त्याचे तत्त्व उदात्त होते. सत्ता आणि भांडवल ते कसे वापरतील, याचा अंदाज मात्र या चतुर माणसाला आला नाही, असे म्हणावे लागते.

गुलामगिरीबाबत त्याने तडजोड केली नाही. क्यूबावरील ग्रंथात त्याने या प्रथेवर आकड्यांनिशी प्रहार केला. १८५६ मध्ये अमेरिकेत निघालेल्या इंग्रजी भाषांतरातून नेमके तेच प्रकरण गाळले गेले, तेव्हा ८६ वर्षांच्या हम्बोल्टने जाहीर निषेध केला. प्रशियाच्या भूमीवर पाऊल ठेवणारा गुलाम मुक्त होईल, असा कायदा १८५७ मध्ये झाला. त्यामागे त्याचाच पाठपुरावा होता.

सुमारे ६०,००० वनस्पती-नमुने घेऊन तो १८०४ मध्ये युरोपला परतला होता. पॅरिसमध्ये राहून त्याने प्रवासाचे तीस खंड काढले आणि त्यात सारी संपत्ती संपली. पुढचे स्वप्न हिमालयाचे होते. अँडीजशी त्याची तुलना केल्याशिवाय आपले काम पुरे होणार नाही, असे त्याला वाटे. १८१४ पासून तो लंडनला गेला, गाठीभेटी घेतल्या, प्रशियाच्या राजाने खर्चही देऊ केला. परंतु ईस्ट इंडिया कंपनीने परवानगी दिली नाही. वसाहतींच्या कारभारावर ज्याने इतके रोखठोक लिहिले, त्याला हिंदुस्थानात फिरू देणे कंपनीला परवडणारे नव्हते, असे चरित्रकारांना वाटते. १८२९ मध्ये रशियाच्या झारच्या खर्चाने तो अल्ताईपर्यंत जाऊन आला. तिथल्या भूदासांविषयी लिहायचे नाही, ही अट मात्र त्याला पाळावी लागली.

हिमालय अखेर त्याच्या शिफारशीने गेलेल्या इतरांनी पाहिला. श्लागिंटवाइट हे तीन जर्मन बंधू १८५४ च्या ऑक्टोबरात मुंबईत उतरले आणि दख्खनमार्गे पुढे गेले. त्यांतील अडॉल्फ १८५७ मध्ये काश्गरला मारला गेला.

हम्बोल्टची अखेरची तीस वर्षे बर्लिनच्या दरबारात, राजाच्या वेतनावर गेली. दिवसा राजाशी संभाषण आणि रात्री लेखन. १८२७-२८ मध्ये त्याने विनामूल्य दिलेल्या व्याख्यानांना राजघराण्यातील मंडळींपासून कारागिरांपर्यंत सारे येत. ज्यांना विद्यापीठाची दारे बंद होती, त्या स्त्रियाही येत. त्यातूनच 'कॉसमॉस' हा ग्रंथ आकाराला आला. पहिला खंड १८४५ मध्ये निघाला. पुढे पत्रांचा इतका पूर आला, की १८५९ च्या मार्चमध्ये आपल्याला पत्रे पाठवू नयेत, अशी विनंती त्याने वृत्तपत्रांतून केली. ६ मे १८५९ रोजी, वयाच्या ८९ व्या वर्षी त्याचे निधन झाले. घरातील चीजवस्तू त्याने आधीच सायफर्ट या नोकराच्या नावे करून ठेवल्या होत्या. 'कॉसमॉस'चा पाचवा खंड अपुरा राहिला. १८६२ मध्ये तो तसाच छापण्यात आला.