प्रार्थना लॅटिनमध्ये की मायबोलीत? फादर स्टीफन्स यांनी काढलेली वाट
देवाशी कोणत्या भाषेत बोलायचे? अंजनगाव सुर्जी, परतवाडा भागातून रिद्धपूरला जाणाऱ्या भाविकांना हा प्रश्न नवा नाही. १३व्या शतकात महानुभावांनी संस्कृतऐवजी मराठीलाच धर्मभाषा केले. तीनशे वर्षांनी गोव्यातील कॅथलिकांसमोर तसाच पेच आला. तिथे संस्कृतच्या जागी लॅटिन होती आणि वाट काढली ती एका इंग्रजाने.

कोण होते फादर स्टीफन्स?
थॉमस स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायरचा. १५५९ पासून तिथल्या चर्चची उपासना इंग्रजीत होऊ लागली आणि लॅटिन मिस्सा बेकायदा ठरली. कॅथलिक असलेले स्टीफन्स रोमला गेले आणि १५७५ मध्ये जेझुइट संघात दाखल झाले. ऑक्टोबर १५७९ मध्ये ते गोव्यात उतरले. पुढची सुमारे ४० वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टी भागात काढली.

पेच काय होता?
चर्चमधील मिस्सा लॅटिनमध्येच होई. घरातल्या प्रार्थनेला ती सक्ती नव्हती. पण नव्या ख्रिस्ती कुटुंबांची जुनी पुराणे सुटली होती आणि नव्या धर्माचे, स्वतःच्या भाषेतले वाचण्याजोगे काही हाती नव्हते. समजेल असे काही द्या, अशी त्यांची मागणी होती.

त्यांनी काय केले?
लॅटिनसाठी देश सोडलेल्या या धर्मगुरूने मराठी हाती घेतली. १६१६ मध्ये राशोल येथे त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ छापले गेले. बायबलची कथा जवळपास ११ हजार ओव्यांत! देवनागरी खिळे नव्हते, म्हणून लिपी रोमन. स्वर्गाला त्यांनी ‘वैकुंठ’ म्हटले. ‘क्रूस’सारखे परके शब्द मात्र ठेवले. रोजच्या प्रार्थना आणि धर्मशिकवणीसाठी कोकणीत प्रश्नोत्तरांचे पुस्तकही लिहिले. १६१९ मध्ये त्यांचे निधन झाले. हे पुस्तक १६२२ मध्ये निघाले.

पुढे काय झाले?
१६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषा सोडण्याचा हुकूम काढला. पोर्तुगीज शिकायला मुदत दिली तीन वर्षांची. तरीही ‘ख्रिस्तपुराण’ हस्तलिखित नकलांतून टिकले आणि १९०७ मध्ये मंगळुरूत पुन्हा छापले गेले.

मिस्सा लोकभाषेत आणण्याची मुभा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये दिली. मराठी ओवी घरात पोहोचली, त्यानंतर जवळपास साडेतीनशे वर्षांनी!