एव्हरेस्टच्या उतारावरून नेय्यूरच्या रुग्णालयापर्यंत : डॉ. हॉवर्ड सोमरवेल

गिर्यारोहणाच्या इतिहासात डॉ. थिओडोर हॉवर्ड सोमरवेल यांचे नाव बहुधा जॉर्ज मॅलरी यांच्या सहकाऱ्यांमध्ये घेतले जाते. भारताच्या दृष्टीने मात्र त्यांची ओळख याहून मोठी आहे. एव्हरेस्टवरील हिमस्खलनातून बचावलेल्या या शल्यचिकित्सकाने पुढील आयुष्याचा मोठा भाग दक्षिण भारतातील रुग्णांच्या सेवेत घालवला.

१६ एप्रिल १८९० रोजी इंग्लंडमधील केंडल येथे पादत्राणांच्या व्यवसायातील एका संपन्न कुटुंबात सोमरवेल यांचा जन्म झाला. केंब्रिज आणि लंडन येथे त्यांनी वैद्यकीय शिक्षण घेतले. पहिल्या महायुद्धात सोमच्या लढाईतील जखमींवर त्यांनी शस्त्रक्रिया केल्या. चित्रकला आणि संगीत यांतही त्यांना गती होती.

१९२२ मध्ये ब्रिटिश एव्हरेस्ट मोहिमेसाठी त्यांची निवड झाली. २१ मे रोजी मॅलरी, नॉर्टन आणि सोमरवेल कृत्रिम प्राणवायूविना सुमारे ८,२२५ मीटर उंचीवर पोहोचले. तोवर माणूस एवढ्या उंचीवर चढल्याची नोंद नव्हती. मात्र मोसमी पाऊस जवळ येत असताना आणखी एक प्रयत्न करण्याचे ठरले आणि तेथेच अनर्थ घडला.

जूनच्या आरंभी मोठी हिमवृष्टी झाली. त्यानंतर एक दिवस ऊन पडले. तेवढ्याने बर्फ बसला असेल, असा अंदाज बांधण्यात आला. ७ जून रोजी मॅलरी, सोमरवेल आणि क्रॉफर्ड १४ हमालांसह नॉर्थ कोलच्या उताराकडे निघाले. वाटेत त्यांनी बर्फाची चाचणीही घेतली. परंतु दुपारी उताराचा वरचा थर अकस्मात तुटून खाली सरकला. मागच्या दोन दोरांवरील नऊ हमाल हिमकड्यावरून कोसळले. त्यांपैकी दोघांनाच जिवंत बाहेर काढता आले. ल्हाक्पा, नार्बू, पासांग, पेमा, सांगे, दोर्जे आणि तेंबा हे सात जण मरण पावले.

जुन्या, कठीण झालेल्या थरावर ताजा बर्फ साचला की दोन्ही थरांतील पकड दुर्बळ राहते. ३० ते ४५ अंशांच्या उतारावर अशा वेळी चालणाऱ्यांच्या भारानेही वरचा थर सलग सुटू शकतो. म्हणूनच मोठ्या हिमवृष्टीनंतरचे पहिले एक-दोन दिवस विशेष धोक्याचे मानले जातात आणि थंडी कायम राहिल्यास हा धोका आणखी लांबतो. एका ठिकाणी केलेली चाचणी संपूर्ण उताराची हमी देत नाही. आज भारतीय हिमालयासाठी संरक्षण संशोधन व विकास संघटनेची प्रयोगशाळा हिमस्खलनाचे इशारे देते. १९२२ मध्ये अशी कोणतीही व्यवस्था नव्हती.

मृतांमध्ये केवळ हमाल असावेत आणि निर्णय घेणारा एकही ब्रिटिश नसावा, ही बोच सोमरवेल यांना कायम राहिली. मोहिमेनंतर भारतभ्रमण करताना त्यांनी त्रावणकोर संस्थानातील नेय्यूरचे मिशन रुग्णालय पाहिले. रुग्णांची रांग आणि डॉक्टरांची टंचाई पाहून त्यांनी लंडनमधील उज्ज्वल भवितव्य सोडून तेथेच काम करण्याचे ठरवले.

१९२४ मध्ये ते पुन्हा एव्हरेस्टवर गेले. नॉर्थ कोलवर चार हमाल अडकले होते आणि उतारावर पुन्हा ताजा बर्फ होता. या वेळी नॉर्टन, मॅलरी आणि सोमरवेल वर चढले ते शिखरासाठी नव्हे, तर त्यांना खाली आणण्यासाठी. दोघे सुखरूप आले. उरलेले दोघे घसरून कड्याच्या अलीकडे थांबले. दोर अपुरा पडला तेव्हा सोमरवेल यांनी तो कमरेतून सोडून बर्फात रोवलेल्या कुऱ्हाडीला अडकवला आणि त्याचे टोक धरून दोघांनाही ओढून घेतले. चौघेही वाचले.

त्याच वर्षी शामोनी येथे १९२२ च्या मोहिमेला ऑलिंपिक पदक देण्यात आले. सन्मानितांमध्ये ते सात हमालही होते.

सोमरवेल १९४९ पर्यंत नेय्यूरमध्ये आणि त्यानंतर १९६१ पर्यंत वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमध्ये कार्यरत होते. २३ जानेवारी १९७५ रोजी इंग्लंडमधील अँबलसाइड येथे त्यांचे निधन झाले. नेय्यूर आज तमिळनाडूच्या कन्याकुमारी जिल्ह्यात आहे.