शब्दांवर टप्पे घेणारा चेंडू

कोजागरीच्या रात्री आमच्या सोसायटीच्या गच्चीवर कराओकेचा कार्यक्रम होता. दूध आटत होते आणि पडद्यावरचे शब्द रंगून जात होते. सूर मात्र किंचित मागाहून येत होता. शेजारच्या काकू एरवी तालाला पक्क्या, पण पडद्याकडे पाहून गाताना दोनदा समेलाच चुकल्या. शेवटी त्यांनी डोळे मिटले, तेव्हा कुठे गाणे जमले. मला मात्र मॅक्स फ्लायशर आठवत राहिला.

हा मॅक्स क्राकोव्हचा. जन्म १८८३ चा, शिंप्याच्या घरातला. चार वर्षांचा असताना कुटुंब न्यूयॉर्कला आले. आधी ब्रुकलीनच्या वर्तमानपत्रात चित्रकार, मग एका विज्ञान मासिकाचा कलासंपादक. हात चित्रकाराचा आणि डोके यंत्रात रमलेले. धाकटा भाऊ डेव्ह याला विदूषकाचे कपडे घालून त्याचे चित्रण करायचे, मग एकेक चौकट काचेवर पाडून गिरवायची, ही युक्ती त्याचीच. तिचे पेटंट १९१७ साली मिळाले.

त्या काळी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांत गाण्याचे शब्द काचेच्या स्लाइडवर दाखवत आणि प्रेक्षक मिळून गात. पण कोणता शब्द केव्हा, हे सांगणार कोण? मॅक्सच्या मंडळींनी १९२४ पासून गाण्यांचे चित्रपट काढले आणि शब्दांवर एक पांढरा चेंडू सोडला. तो चेंडू चितारलेला नव्हता! काळ्या काठीच्या टोकाला लावलेला खराखुरा चेंडू, संगीताची जाण असलेला लू हा भाऊ हाताने नाचवी आणि कॅमेरा ते टिपे. काळ्या पार्श्वभूमीवर काठी दिसत नसे. गंमत अशी, की रंग बदलणारा शब्द वेळ झाल्यावर कळतो, तर चेंडू वर गेला की तो कधी खाली येणार हे डोळ्याला आधीच उमगते. माझ्या मते आजचे रंगीत शब्द इथेच कमी पडतात.

मूकपटात मात्र वादकाला पडद्यामागे धावावे लागे. म्हणून मॅक्सने ली डी फॉरेस्टची फोनोफिल्म धरली. तिच्यात आवाजाची रेघ चित्रांच्या शेजारी, त्याच फितीवर उमटे. एकाला सोडून दुसरे निसटणार कसे? १९२६ च्या 'माय ओल्ड केंटकी होम'मध्ये तर कुत्रा ओठ हलवत प्रेक्षकांना गायला बोलावतो. डिस्नेचा 'स्टीमबोट विली' १९२८ चा. त्याच्या ध्वनिमुद्रणात वाद्यवृंद भरकटू लागला, तेव्हा दुसऱ्या वेळी फितीवर वादकांसाठी टप्पे घेणारा चेंडूच उमटवावा लागला. लोकांच्या लक्षात राहिला तो उंदीर.

पुढे बेटी बूप, पॉपाय आले, पैसाही आला. मग १९३९ चा खर्चिक 'गलिव्हर', कर्ज, डेव्हशी अबोला. आणि १९४२ मध्ये स्टुडिओच हातून गेला. कॅलिफोर्नियात चित्रपट-कलावंतांसाठीच्या निवासात सप्टेंबर १९७२ मध्ये मॅक्स वारला. त्याच्या आदल्याच वर्षी जपानमध्ये कोबे येथे दाइसुके इनोउए यांनी आपले कराओके यंत्र भाड्याने द्यायला सुरुवात केली होती. त्याला पडदा नव्हता. शब्द छापील पुस्तिकेत.

आमच्या गच्चीवरचा घोटाळा नंतर कळला. चित्र वायरीने सरळ येत होते, आवाज मात्र बिनतारी स्पीकरकडे जाताना उशीर करत होता. दोघांच्या वाटा वेगळ्या, फोनोफिल्मच्या आधीसारख्याच. तळमजल्यावरच्या एका मुलाने घरून वायर आणली. काकूंनी पुन्हा माइक मागून घेतला, आणि या वेळी डोळे उघडे ठेवून गायल्या.