एकाच दराचे हजेरीपत्रक : वि. स. पागे

तासगाव, खानापूर, आटपाडी, जत आणि पलीकडे साताऱ्याचे माण-खटाव हा सारा पट्टा पावसाने कायम हुलकावणी दिलेला. पश्चिमेला कृष्णाकाठी ऊस डोलत असताना या भागातील माणूस मृग कोरडा गेला की गाठोडे बांधून मुंबईच्या गिरण्यांची वाट धरी. मागे राहत त्या बायका. त्या दुसऱ्याच्या शेतावर भांगलणीला, काढणीला, शेंगा तोडायला रोजगाराने जात. दिवस तेवढाच, ऊनही तेच. पण संध्याकाळी हातावर पडणारी मजुरी पुरुषाच्या मजुरीहून ठरल्याप्रमाणे कमी. बाईचा रोजगार आणि गड्याचा रोजगार असे दोन भाव गावोगाव रूढ होते आणि त्यांचे कारण विचारण्याची कोणाला गरज वाटत नसे. भूमिहीन दलित कुटुंबातील बाईला तर भाव पाडून मागणाऱ्यापुढे नाही म्हणण्याचीही सोय नव्हती. दुसरे काम होतेच कुठे?

ते दुसरे काम कायद्याने उभे करण्याचे श्रेय ज्यांना जाते, ते विठ्ठल सखाराम पागे याच मातीतले. १९१० साली त्यांचा जन्म झाला, तेव्हा हा मुलूख सातारा जिल्ह्यात मोडत होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा हा वेगळा जिल्हा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. पागे स्वातंत्र्य चळवळीत घडले. पिंड गांधी-विनोबांच्या विचारांचा, शिक्षण कायद्याचे. हे मिश्रण पुढे फार उपयोगी पडले, कारण त्यांनी दारिद्र्याविषयी कळवळा व्यक्त करून न थांबता त्या कळवळ्याला कलमांचे रूप दिले.

१९६० ते १९७८ अशी तब्बल अठरा वर्षे ते महाराष्ट्र विधान परिषदेचे सभापती होते. एवढ्या उंच आसनावरचा माणूस सहसा दौऱ्यांत आणि सत्कारांत रमतो. पागे मात्र तासगाव तालुक्यातील विसापूरच्या परिसरात एक प्रयोग करीत राहिले. गावात काम मागणाऱ्या प्रत्येकाला सरकारने काम दिले तर खर्च किती येईल, त्यातून बांधबंदिस्ती, विहिरी, पाझर तलाव किती उभे राहतील, याचा तो हिशेब होता. एका छोट्या रकमेत किती मजुरांना किती दिवस काम देता येईल, असे त्यांनी एकदा घरात पत्नीलाच विचारले आणि तिच्या चटकन दिलेल्या उत्तरातून योजनेचे गणित सुचले, अशी आठवण सांगितली जाते. पुढे त्यांनी मुख्यमंत्री वसंतराव नाईक यांच्याकडे हा विचार मांडला. त्यातून रोजगार हमी योजना साकारली आणि १९७२ मध्ये ती राज्यासाठी जाहीर झाली.

लगेचच १९७२-७३ च्या भीषण दुष्काळाने तिला गाठले. दुष्काळी कामांवर लाखो माणसे खडी फोडीत होती, माती वाहत होती. बायका किती मोठ्या संख्येने काम मागायला येतात, हे शासनाने तेव्हा प्रथमच डोळ्यांनी पाहिले.

याच काळात शेतमजुरांच्या स्थितीचा आणि किमान वेतनाचा अभ्यास करणारी समिती पागे यांच्या अध्यक्षतेखाली काम करीत होती. तिचा अहवाल १९७३ मध्ये आला आणि १९७४ पासून शेतमजुरीचे विभागवार किमान दर लागू झाले. पागे समिती म्हणून अभ्यासकांना ती परिचित आहे. सामान्य वाचकाला तिची आठवण नाही, हे खरे तर आश्चर्यच. कारण हमीची योजना आणि किमान मजुरी ही एकाच गाडीची दोन चाके होती.

योजनेसाठी पैसा उभा करायला १९७५ मध्ये व्यवसाय कर आला. शहरातल्या नोकरदाराच्या पगारातून कापली जाणारी रक्कम माणच्या बाईच्या मजुरीकडे वळली. कायदा विधिमंडळाने १९७७ मध्ये संमत केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातील प्रत्येक प्रौढाला अंगमेहनतीचे काम मागण्याचा हक्क मिळाला. काम न दिल्यास बेकारी भत्ता. मजुरीचा दर कामाच्या मापावर ठरत होता. इतके घनमीटर माती खोदली तर इतके रुपये, आणि खोदणारा हात पुरुषाचा की स्त्रीचा याचा तेथे उल्लेख नव्हता. समान कामाला समान वेतन हे तत्त्व राज्यघटनेच्या ३९ व्या अनुच्छेदात होतेच, केंद्राचा समान वेतन कायदाही १९७६ मध्ये झाला होता. पण खेड्यातल्या बाईला ते प्रथम भेटले ते रोहयोच्या हजेरीपत्रकावर.

अर्थात कागदावरची समानता सगळीच्या सगळी हातात पडली असे नाही. मापावर मजुरी असली की खोदणारा गडी आणि पाटी वाहणारी बाई अशी जोडी लागे. जिला जोडीला गडी नाही, त्या विधवेला वा परित्यक्तेला टोळीत जागा मिळणे कठीण जाई. मुकादमाची मापे, आठवडेच्या आठवडे लांबणारे पगार या तक्रारी कायमच्या होत्या. ऐंशीच्या दशकात खानापूर तालुक्यात मुक्ती संघर्षाने केवळ खडी फोडण्याऐवजी दुष्काळ हटवणारी कामे द्या, अशी मागणी लावून धरली. तीही हमीच्या कायद्याला धरूनच होती.

तरी फरक पडला. गोखले अर्थशास्त्र संस्थेच्या कुमुदिनी दांडेकर आदींच्या अभ्यासांतून योजनेवरील मजुरांत स्त्रियांचे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या आसपास दिसून आले. सडकेवर काम मिळते म्हटल्यावर बागायतदारालाही भाव वाढवावा लागे. मजूर मिळत नाहीत, ही त्यांची तक्रारच योजनेचे प्रशस्तिपत्र म्हणावे लागेल.

१९८८ मध्ये किमान वेतन दुपटीने वाढले आणि रोहयोची मजुरीही त्यासोबत वर गेली. ते पाहायला पागे हयात होते. १९९० मध्ये त्यांचे निधन झाले. देशभरासाठी रोजगार हमीचा केंद्रीय कायदा २००५ साली झाला, तेव्हा त्याच्या अनुसूचीत स्त्री-पुरुषांना समान मजुरीची आणि किमान एक तृतीयांश लाभार्थी स्त्रिया असाव्यात अशी तरतूद होती.