शूलेस जो जॅक्सन : गिरणीतला पोरगा, बेसबॉलचा राजा, आणि आजन्म बंदी

बेसबॉलमधला आउटफिल्डर म्हणजे आपल्या क्रिकेटमधला बाऊंड्रीजवळचा फिल्डर समजा. अमेरिकेत या जागेवर खेळलेल्या जो जॅक्सनचं नाव शंभर वर्षांनंतरही निघतं, ते त्याच्या फटक्यांमुळे आणि एका फिक्सिंग प्रकरणामुळे.

जन्म १८८७ चा, साऊथ कॅरोलिनातला. घरची गरिबी, त्यामुळे शाळा जवळपास झालीच नाही. लहानपणीच तो ग्रीनव्हिलच्या कापड गिरणीत कामाला लागला आणि पुढे गिरणीच्याच टीममधून खेळू लागला. लिहिता-वाचता त्याला कधी नीट आलं नाही. सही बऱ्याचदा बायको केटीच करायची. एका सामन्यात नव्या बुटांनी पायाला फोड आले, म्हणून गडी नुसत्या मोज्यांवर खेळला. तेव्हापासून ‘शूलेस’ हे नाव चिकटलं.

१९०८ मध्ये तो फिलाडेल्फियाकडून मोठ्या लीगमध्ये आला, पण जम बसला तो क्लीव्हलँडला. १९११ मध्ये त्याची बॅटिंग सरासरी होती .४०८, म्हणजे शंभर प्रयत्नांत जवळपास ४१ हिट. तिथे तीस म्हणजेही चांगलं समजतात! तरी पहिला नंबर हुकलाच, कारण त्याच वर्षी टाय कॉबनं .४२० काढले. १९१५ मध्ये जो शिकागो व्हाइट सॉक्सकडे गेला आणि १९१७ ला टीमनं वर्ल्ड सिरीज जिंकली.

घात झाला १९१९ ला. तगडी समजली जाणारी शिकागो टीम सिनसिनाटीकडून ५-३ अशी हरली. सट्टेबाजांकडून पैसे घेऊन आठ जणांनी सिरीज सोडली, असा आरोप झाला. जोच्या हातात ५ हजार डॉलर आले होते, हे त्यानं ग्रँड ज्युरीसमोर सांगितलं. पण त्याच सिरीजमध्ये त्याचे १२ हिट, सरासरी .३७५ आणि सिरीजमधला एकमेव होमरनही त्याचाच. मुद्दाम हरणारा माणूस असा खेळतो का, हा वाद आजही मिटलेला नाही. पैसे ठेवून घेतले, हा डाग मात्र पुसता येत नाही.

१९२१ मध्ये ज्युरीनं खेळाडूंना निर्दोष सोडलं. दुसऱ्याच दिवशी कमिशनर लँडिस यांनी आठही जणांवर कायमची बंदी घातली. जो तेव्हा ३४ वर्षांचा, ऐन फॉर्मात. करिअरची सरासरी .३५६ वर थांबली.

नंतर तो छोट्या-मोठ्या टीममधून खेळला, सव्हानात कपडे ड्रायक्लीनिंगचा धंदा केला, शेवटी ग्रीनव्हिलला दारूचं दुकान चालवलं. ५ डिसेंबर १९५१ ला तो गेला. बंदीच्या यादीतून त्याचं नाव निघालं ते मे २०२५ मध्ये, मरणानंतर ७३ वर्षांनी.